दोन अक्षरी ठेव, पण जागा राखून

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

लेकरू झाल्याची बातमी तुझ्या वडिलांनी आठवडी बाजारातच सांगितली. रात्री तुझी नावांची यादी मोबाईलवर आली. सगळी नावं दोन अक्षरी. सूनबाईचा तसा हट्ट आहे म्हणतोस. असू दे, हट्ट काही वाईट नाही. पण ही नावं तू नुसती वाचून निवडलीस, हाक मारून बघितलेली दिसत नाहीत.

तुझ्या यादीत वरती यश, ओम, वेद, वीर, अंश आहेत. कागदावर ही दोन अक्षरं, पण तोंडात एकच झटका. शेवटचा 'अ' आपण उच्चारतच नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात त्यानं बिघडत नाही. पण उद्या हे पोरगं सुट्टीत गावाकडं येईल आणि आजी बांधावरून हाक मारील तेव्हा 'वेद' विहिरीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. म्हणून तर आपल्या बाया रामला 'रामाऽ' म्हणतात. शेवटाला स्वर असला की आवाज लांबवता येतो. हरी, दत्ता, शाहू, शंभू, रघू, सोनू ही खऱ्या अर्थानं दोन अक्षरी. संध्याकाळी घराच्या मागं जाऊन यादीतलं एकेक नाव मोठ्यानं ओरडून बघ. शेजारी हसतील, हसू दे.

दुसरी परीक्षा आजीच्या तोंडाची. आपल्याकडं जुन्या माणसांच्या बोलण्यात 'वे'चा 'ये' होतो आणि 'वी'चा 'ई'. वेळेला येळ म्हणतात, विठ्ठलाला इठ्ठल. मग वेदचा होणार 'येद', आणि वर्गातली पोरं त्याच्यापुढं काय लावतील हे तुला सांगायला नको, तू स्वतः त्यात पटाईत होतास. वीरचा 'ईर'. जोडाक्षरांचं तर विचारूच नको. रुद्रचा 'रुदर', ध्रुवचा 'धुरव', पार्थचा 'पारथ', श्लोकचा 'सलोक'. मी रुद्र नावाच्या विरोधात नाही, भारदस्त नाव आहे. पण ज्या बाईच्या मांडीवर लेकरू पहिली दोन वर्षं काढणार तिला ते नाव बिनधोक घेता आलं पाहिजे. फोन लावून तुझ्या आईकडून सगळी नावं एकदा वदवून घे. ती अडखळली की नाव खोड.

आता मुद्द्याचं सांगतो. आपल्या मुलखात नाव ठेवलं तसं राहत नाही. लांब असलं तर लोक तोडतात आणि आखूड असलं तर जोडतात. तोडायची रीत तर संतांपासूनची. नरसीचे नामदेव अभंगात 'नामा म्हणे' झाले, पैठणच्या एकनाथांनी 'एका जनार्दनी' लिहिलं, गंगाखेडच्या जनाबाई 'दासी जनी' झाल्या. नागनाथचा नागू, वैजनाथचा वैजू, खंडेरावचा खंडू. म्हणजे दोन अक्षरी नाव हवं म्हणून फार धडपडायची गरजच नव्हती, ते गावानं फुकट करून दिलं असतं. पण तुम्ही मुळातच दोन अक्षरांवर आलात, तर आता उलटं बघायचं. या नावाला पुढं काय काय जोडता येईल?

राम घे. लहानपणी रामा, चिडवायला राम्या, जरा मिशा फुटल्या की रामभाऊ, लग्नाच्या पत्रिकेत चि. राम, पंचायतीत उभा राहिला तर रामराव, नातवंडं झाली की रामबापू. एवढं सगळं त्या दोन अक्षरांत मावतं. दत्ताचंही तसंच. दत्तू, दत्ताभाऊ, दत्तराव, दत्ताप्पा. हरीला हरिभाऊ, हरिबा. आता तुझ्या यादीतलं अंश घे. अंशभाऊ? अंशराव? साठीतल्या माणसाला 'अंशकाका' म्हणून हाक मारून बघ बरं. यशचंही तेच, 'यशराव' म्हटलं की नाटकातलं पात्र वाटतं. नाव ठेवताना तुमच्या डोळ्यांपुढं पाळण्यातलं बाळ असतं, म्हणून नाव बाळसेदार निवडलं जातं. तो पाळण्यात किती दिवस राहणार? बाकी सगळं आयुष्य तो दाढीमिशीवालाच असणार आहे.

आणि 'या' लावून बघायचं विसरू नको. हऱ्या, दत्त्या, शंभ्या ऐकायला राकट आहेत, पण त्यात माया आहे. नीलचा निळ्या मात्र मला स्वतःला कानाला बरा वाटत नाही. हा माझा दोष म्हण.

चलनातल्या नावांबद्दल शिक्षक म्हणून एक सांगतो. वर्गात दोन ओम असले की दोघांपैकी एकाचंही नाव ओम राहत नाही. एक 'जाडा ओम' होतो, दुसरा 'चष्म्याचा ओम'. तुमचं आडनाव जाधव, तेही गल्लोगल्ली. नाव खपाचं आणि आडनावही खपाचं असलं की पुढं याद्यांमध्ये, बँकेत, परीक्षेच्या हॉल तिकिटावर गोंधळ होतो. त्यामुळे नाव नवं पाहिजे असं नाही. जुनं, आता कुणी फारसं ठेवत नाही असं घेतलं तरी काम भागतं. आज पहिलीच्या वर्गात 'हरी' म्हणून हाक मारली तर एकच हात वर येईल.

जोशीबुवांनी रोहिणीचं तिसरं चरण काढून 'वी' अक्षर दिलं म्हणून तू अडलायस. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, अशी 108 अक्षरं अवकहडा चक्रात, म्हणजे ज्योतिषाच्या जन्माक्षरांच्या तक्त्यात, बसवलेली आहेत. त्यात हस्ताला 'ण' येतो, आर्द्रेला 'ङ' आणि उत्तराभाद्रपदेला 'ञ'. आता 'ङ' वरून कुणाचं नाव ठेवणार? अशा वेळी जोशीबुवाच दुसरं अक्षर सुचवतात. या अक्षरावरून येतं ते पत्रिकेपुरतं रासनाव आहे, लग्न जुळवताना काढायचं. पूर्वीपासून बारशाला देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावं ठेवायची चाल आहे. 'वी' त्यातल्या नक्षत्रनामाला देऊन मोकळा हो. विठ्ठल, विनायक, जे येईल ते. व्यवहारातलं नाव तुम्ही ठरवा.

तुझे वडील तुझ्या आजोबांचं नाव ठेवा म्हणून बसलेत, त्यांनाही या चार नावांतच जागा आहे. पण नातवाला आजोबांचं नाव रोजच्या वापराला ठेवलं की काय होतं हे मी घरोघर पाहिलंय. जुन्या वळणाची सून सासऱ्याचं नाव तोंडावर घेत नाही, म्हणून पोराला 'बाळू' नाहीतर 'तात्या' म्हणते, आणि ठेवलेलं नाव हजेरीपटावरच राहतं. सूनबाई शिकलेली आहे, ती घेईल म्हणा. तुझ्या आईचं मात्र मला खात्रीनं सांगता येत नाही.

कागदाचं काम मात्र निगुतीनं कर. बाळंतपण माहेरी, नांदेडच्या दवाखान्यात झालं, म्हणजे जन्माची नोंद तिथल्या महापालिकेत होणार, आपल्या ग्रामपंचायतीत नाही. जन्म 21 दिवसांच्या आत कळवावा लागतो. नाव त्याच वेळी द्यावं अशी सक्ती नाही. नोंद बिननावाची होते आणि पुढं वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यामुळे दवाखान्यातल्या बाईंनी घाई केली म्हणून सुचेल ते नाव सांगू नको. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या लेकरांचा जन्मदाखलाच शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्माचा पुरावा म्हणून चालतो. तेव्हा त्यावर जे पडेल ते दहावीच्या सनदेपर्यंत सोबत येणार. बदलायचं म्हटलं तर पुढं राजपत्रापर्यंत धावाधाव.

इंग्रजी स्पेलिंग तुम्ही दोघं बसून आधीच ठरवा, दुसऱ्याला लिहू देऊ नका. आर्य आणि आर्या, कृष्ण आणि कृष्णा इंग्रजीत एकाच स्पेलिंगनं लिहितात, आणि मग मुलाची मुलगी होते. शिवच्या मागं एक 'ए' लागला की शिवा. हरीला ही भानगड नाही. (शाळेत एखादा मास्तर हॅरी म्हणेल, तेवढं सोसावं लागेल.)

एका बाबतीत मात्र सूनबाईचा हट्ट मला सोळा आणे पटला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकराच्या सरकारी कागदावर आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचंय. चार शब्दांची आगगाडी. तिचं इंजिन आखूड असलेलंच बरं.

तुझ्या यादीतलं एकच नाव मला आवडलं, शंभू. यादीबाहेरचं विचारशील तर हरी. दोन्ही ओरडून बघ, आईकडून वदवून घे, मग ठरव. माझ्या शब्दासाठी ठेवू नको.

आणि बहिणीला विचारलंस का? तुझ्या मेसेजमध्ये आत्याचा उल्लेखच नाही. कानात कुर्र करून नाव तिनंच सांगायचं आहे आणि पाठीवरचे धपाटेही तिनंच खायचे आहेत. ऐन वेळी तिच्या हातात चिठ्ठी दिलीस तर जन्मभर बोलून दाखवील. आज रात्रीच फोन कर. तिनं तीन अक्षरी काही काढलं आणि सूनबाई रुसली तर ते तुमचं तुम्ही मिटवा, मला मध्ये घेऊ नका.

बारशाला मी परभणीहून सकाळची गाडी धरून येतो. घुगऱ्या राखून ठेवा.

तुझे,
गुरुजी