मुलाला विम्याचा सर्व्हेअर करायचंय, पण कशासाठी?

(चिपळूणच्या एका व्यापारी वडिलांचं पत्र. जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या रंग-हार्डवेअरच्या दुकानाचं २४ लाखांचं नुकसान झालं. पॉलिसी ४० लाखांची होती, हातात आले साडेचौदा लाख. फ्लोरिडातल्या भाच्याने सांगितलं की तिकडे ‘पब्लिक अ‍ॅडजस्टर’ लोकांचे क्लेम लढवतात आणि टक्केवारी घेतात. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने इथे तोच परवाना काढावा असं वडिलांचं म्हणणं. “त्याला गाड्यांच्या डिझाइनचं खूळ आहे, पण ते मी बघतो. कोर्स कुठला ते सांगा.”)

नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी आहे. साडेतीन पानं क्लेमवर आहेत, मुलाच्या वाट्याला दोन वाक्यं आली आहेत. त्याचे मार्क किती, त्याला काय जमतं, लोकांशी बोलायला आवडतं की नाही, काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की त्याला गाड्यांचा नाद आहे आणि तो तुम्ही मोडणार आहात.

दुकानात पाणी शिरल्यावर माणसावर काय येतं, ते चिपळूणकरांना मी सांगायला नको. तुमचा राग खरा आहे. पण तो मुलाच्या गळ्यात करिअर म्हणून बांधताय, हे मला पटत नाही. कंपनीचा हिशोब चुकता करायला त्याने आयुष्यभर लोकांचे क्लेम लढवायचे? भांडण तुमचं आहे. त्याला त्यातलं काय हवंय, हे एकदा तरी विचारलंत का?

भाच्याने सांगितलं ते तिथल्यापुरतं बरोबर आहे. अमेरिकेत हा परवाना राज्यं आपापल्या नियमांनी देतात आणि अ‍ॅडजस्टर पॉलिसीधारकाच्या बाजूने काम करतो. मात्र त्याच्या टक्क्यांवरही लगाम आहे. टेक्सासमध्ये तो मिळालेल्या रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. भारतात असा परवानाच नाही. आपल्याकडे आहे तो ‘सर्व्हेअर अँड लॉस असेसर’, म्हणजे नुकसान किती झालं ते तपासून ठरवणारा, विमा कायदा १९३८ च्या कलम ६४यूएम खालचा. त्याला सहसा कंपनी नेमते, फीही कंपनी देते, पण त्याने ना कंपनीचं व्हायचं ना ग्राहकाचं. कंपन्यांना धडा शिकवायचा म्हणून या धंद्यात येणारा माणूस पहिल्याच रिपोर्टपासून चुकीचा सर्व्हेअर असतो. ‘क्लेम पास करून देतो, इतके टक्के’ म्हणणारे आपल्याकडेही भेटतात, पण त्यांच्याकडे या कामाचा परवाना नसतो. आणि वकील करू म्हणाल, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलालाही निकालावर टक्केवारी ठरवता येत नाही.

आता तुमच्या साडेचौदा लाखांबद्दल. ‘४० लाखांची पॉलिसी, म्हणजे ४० लाखांपर्यंतचं नुकसान पूर्ण भरून मिळणार’ हा समज जवळजवळ प्रत्येक व्यापाऱ्याचा असतो. विमा हा नुकसानभरपाईचा करार आहे आणि विमा रक्कम मालाच्या खऱ्या किमतीएवढी असावी, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. तुम्हीच लिहिलंय की त्या दिवशी दुकान आणि गोदाम मिळून ६० लाखांचा माल होता. म्हणजे विमा दोन तृतीयांश मालाचाच होता, उरलेल्या एक तृतीयांशाचा धोका तुमच्याच अंगावर. पॉलिसीतल्या ‘अ‍ॅव्हरेज’च्या कलमाने (विमा जितक्या भागाचा, भरपाईही तितक्याच भागाची) २४ लाखांचे तिथेच १६ झाले. वरचा दीड लाख भिजलेल्या मालाची मोड (तो विकून येणारी किंमत) आणि एक्सेस (क्लेममधला तुम्हीच सोसायचा ठरलेला भाग) यांत गेला असणार. एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते, पण तुमची तूट ३३ टक्के होती. सर्व्हेअर कडू बोलला असेल, पण गणित त्याने घरून आणलं नव्हतं. ज्याने जाब द्यायला हवा तो पॉलिसी विकणारा माणूस, ज्याने तुमचा स्टॉक बघितलाच नाही. विमा लोकपालाकडे जायला कंपनीच्या नकारानंतर १ वर्ष आणि ग्राहक आयोगासाठी २ वर्षं असतात, त्यामुळे त्या वाटा आता बंद झाल्यात, असंच धरून चाला.

कोर्स विचारलात म्हणून: इंजिनिअरिंगची पदवी, परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली १२ महिने प्रशिक्षण, मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, मग आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना.

आता मजा बघा. या परवान्यात आग, सागरी, इंजिनिअरिंग असे विभाग असतात, त्यातला एक मोटर. गाडी कशी ठोकली गेली, चॅसी वाकली की नुसतं बोनेट, पार्ट बदलायचा की सरळ करायचा, हे रोज बघणारं काम आहे. गाड्यांच्या वेड्या मुलाला ते आवडूही शकतं. पण सुरुवातीची वर्षं गॅरेजमधल्या तेलकट फरशीवर जातात, एस्टिमेट फुगवणाऱ्या मिस्त्रीशी रोज वाद होतात, आणि कामं मिळणं कंपन्यांच्या मर्जीवर असल्याने उत्पन्न चढ-उताराचं. हे त्याला आधीच कळू दे. ओळखीच्या मोटर सर्व्हेअरबरोबर आठवडाभर फिरू दे. नंतर तो ‘मला डिझाइनच करायचंय’ म्हणाला, तर पुण्या-चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांकडे अर्ज करू द्या आणि सर्व्हेअरचा विषय पुन्हा काढू नका. त्याचे मार्क, प्रोजेक्ट, आवडी त्यानेच लिहून पाठवाव्यात. डिझाइनमधल्या वाटांबद्दल मी त्याच्याशी बोलेन.

तुमच्यासाठी एक काम. यंदाची पॉलिसी आज बाहेर काढा. गणपतीआधी भरता त्या मालाची किंमत आणि विमा रक्कम शेजारी-शेजारी लिहा, गोदामाचा पत्ता पॉलिसीत आहे का तेही बघा. कमी पडत असेल तर पावसाआधी एंडॉर्समेंट (चालू पॉलिसीतला अधिकृत बदल) करून रक्कम वाढवून घ्या.