मंदी किंवा टंचाईच्या काळात कार कंपन्या स्पर्धेत कशा टिकून राहतात?

खर्च कापून टिकतात, हे उत्तर तुम्हाला कोणीही देईल. मी बारा वर्षं एका कार कंपनीच्या परचेसमध्ये इलेक्ट्रॉनिक पार्ट बघत होते. नको तिथे खर्च कापल्यामुळे कंपनी मागे पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

एप्रिल २०२०. विक्री ठप्प. फायनान्सच्या साहेबांनी सगळ्या ऑर्डरी रद्द करायला सांगितल्या. पत्रा, टायर, सीट यांचं मला काही वाटलं नाही, ते पुन्हा लगेच सुरू होतात. चिपचं तसं नसतं. वेफर (ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती) लाइनवर चढल्यापासून चिप हातात यायला तीन-चार महिने जातात, आणि आपण सोडलेली जागा फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, रिकामी ठेवत नाही. लॅपटॉपवाले रांगेत उभेच होते. ईसीयूला (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला) लागणाऱ्या दोन मायक्रोकंट्रोलर चिपच्या ऑर्डरी तरी राहू द्या, असा मी मेल केला. भर मीटिंगमध्ये उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही पगार आमचा घेता की व्हेंडरचा?" पुढच्या जानेवारीत ईसीयूवाचून अडलेल्या गाड्यांनी यार्ड भरलं, आणि चिप का मिळत नाहीत याचा जाब मलाच विचारला गेला.

टोयोटाकडे बघा. 'जस्ट इन टाइम', म्हणजे साठा न करता माल लागेल तेव्हाच मागवणं, त्यांनीच जगाला शिकवलं. पण जपानमधल्या २०११ च्या भूकंपात रेनेसास या चिप कंपनीचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून त्यांनी सप्लायरांना दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिप साठवायला लावल्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विक्रीत त्यांनी जनरल मोटर्सला मागे टाकलं. तो पहिला नंबर जीएमकडे १९३१ पासून होता.

पैशाचं म्हणाल तर फोर्ड. २००६ च्या अखेरीस, कर्ज मिळत होतं तेव्हाच, कारखान्यांपासून निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून त्यांनी २३०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. २००९ मध्ये जीएम आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. नवीन मॉडेल, निर्यात, ईव्ही हेही आहेच, पण ते माझं काम नव्हतं.

सगळंच साठवा असं मी म्हणत नाही. टायरचा ढीग म्हणजे खरंच अडकलेला पैसा. टोयोटालाही सप्टेंबर २०२१ साठी ठरवलेलं उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं. पण ज्या पार्टला दुसरा सप्लायर नाही, त्याची ऑर्डर रद्द करण्याआधी परचेसच्या माणसाचं ऐकून घ्या. त्याला व्हेंडरचा माणूस ठरवू नका. वाईट दिवसांत ज्याची ऑर्डर तुम्ही राखली, तोच टंचाईत तुमचा माल आधी काढतो.

माझ्या मेलमधले ते दोन मायक्रोकंट्रोलर मिळून गाडीच्या एका टायरच्या किमतीचेही नव्हते.