कुत्रा कोणाचा, मांजर कोणाची? पाळीव प्राणी आणि कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही एक बीगल घेतला. आता आम्ही वेगळे होतोय. कुत्रा नवऱ्याने त्याच्या आईकडे नेऊन ठेवलाय आणि मला भेटूही देत नाही. मुलांचा मागतात तसा त्याचा ताबा कोर्टात मागता येईल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

मुलांचा मागतात तसा नाही. तो ताबा १८९०च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली आणि विवाह कायद्यांखाली मागतात, आणि हे सगळे कायदे माणसाच्या अज्ञान मुलांपुरते आहेत. कुत्रा आपल्याकडे अजूनही जंगम मालमत्ता आहे. वाचून वाईट वाटेल, पण तुमच्या हातात आज जे हत्यार आहे ते याच शब्दातून येतं.

१९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ८ सांगतं की, जिची भरपाई पैशांत होऊ शकत नाही किंवा पैशांत मोजणं फार अवघड आहे अशी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर कोर्ट ती वस्तूच परत द्यायला लावू शकतं. ‘बाजारभाव चाळीस हजार, घे आणि गप्प बस’ हे उत्तर मग चालत नाही. नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद फॅमिली कोर्टाच्या कक्षेत येत असल्याने ही मागणी तिथेच करायची. सोबत अंतरिम अर्ज द्या : निकाल लागेपर्यंत कुत्रा विकू नये, कोणाला देऊ नये, शहराबाहेर नेऊ नये आणि ठरलेल्या वारी भेटू द्यावं.

अडचण एकच, पण मोठी. हे कलम समोरचा मालक नसेल तेव्हाच चालतं. म्हणून कुत्रा तुमचा आहे हे कागदावर दाखवावं लागेल. खरेदीची पावती किंवा दत्तकपत्र, महापालिकेचा परवाना, मायक्रोचिपची (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपची) नोंद, लसीकरणाच्या कार्डावरचं मालकाचं नाव, डॉक्टरांची बिलं आणि ती ज्या खात्यातून भरली त्याचं स्टेटमेंट, हे सगळं जमवा. इन्स्टाग्रामवरचे फोटो प्रेम दाखवतात, मालकी नाही.

खरेदी दोघांच्या पैशातून झाली असेल तर भांडत बसण्यापेक्षा समुपदेशकांसमोर बसून संमतीच्या अटी लिहून घ्या, आणि त्या बारकाईने लिहा. कुत्रा कोणाकडे राहील, लसीचा आणि आजारपणाचा खर्च कोण करेल, किती रकमेच्या वरच्या ऑपरेशनला दुसऱ्याची संमती लागेल, परगावी जाताना तो कोणाकडे राहील, आणि वेळ आली तर त्याला दयामरण देण्याचा निर्णय दोघांच्या सहीने होईल का, हे सगळं त्यात यायला हवं. ‘दोघे मिळून सांभाळू’ एवढंच लिहिलं तर पहिल्या दिवाळीतच खटका उडतो, आणि अशा मोघम अटीची अंमलबजावणीही करून घेता येत नाही.

पोटगीत कुत्र्याचा खर्च धरावा, असा मुद्दा मांडायला मात्र जागा आहे. २०२३मध्ये वांद्र्याच्या दंडाधिकाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात एका महिलेला दरमहा पन्नास हजार अंतरिम पोटगी देताना तिच्या तीन कुत्र्यांचा विचार केला होता. तो दंडाधिकाऱ्यांचा अंतरिम आदेश आहे, इतर कोर्टांवर बंधनकारक नाही. तरी अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

प्रश्न : आमची दत्तक घेतलेली देशी कुत्री कोणीतरी गाडीत घालून नेली. सीसीटीव्हीत दिसतंय. पोलीस म्हणतात, ‘हिची किंमत काय? एनसी घ्या.’ – एक वाचक, नाशिक

पोलीस अगदीच हवेत बोलत नाहीयेत. नव्या फौजदारी कायद्यांत चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. मग एनसी नोंदवली जाते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. देशी कुत्री फुकट मिळाली, म्हणजे किंमत शून्य, असा हिशेब ठाणे अंमलदार करतो. इथे वाद प्रेमाचा घालू नका, किमतीचा घाला.

नसबंदीचं बिल, दरवर्षीच्या लशी, प्रशिक्षण, मायक्रोचिप यांच्या पावत्या क्रमाने लावा. बेरीज पाच हजारांच्या वर सहज जाते. तक्रारीत तो आकडा लिहा, ‘हिच्यावर आजवर झालेला खर्च इतका, म्हणून किंमत किमान इतकी’ असं सरळ मांडा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२)खाली एफआयआर मागा. तरीही नाही घेतला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर उपायुक्तांकडे पाठवा. त्यानंतरची पायरी दंडाधिकारी. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण करतात.

कुत्री सापडली की एक धक्का बसतो : ती ‘मुद्देमाल’ असते. पोलीस ती थेट हातात देत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३खाली कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याची लेखी हमी देऊन, ताबा घ्यावा लागतो. अर्जात ‘सजीव असून रोज औषध व अन्न लागते’ हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे तारीख लवकर मिळते.

चिपबद्दल एक गोष्ट. पंधरा आकडी क्रमांक असला म्हणजे झालं असं नाही. विक्रेत्याने किंवा संस्थेने चिप बसवली असेल तर नोंद बऱ्याचदा त्यांच्याच नावावर राहते. डॉक्टरांकडे स्कॅन करून घ्या, क्रमांक कार्डावर लिहून घ्या आणि नोंदणीत स्वतःचं नाव व मोबाइल घाला.

प्रश्न : न्यायालयाने प्राण्यांना ‘व्यक्ती’चा दर्जा दिला असं वाचलं होतं. मग ते मालमत्ता कसे? – एक वाचक, मडगाव

दर्जा दिला होता, पण तो सगळ्या देशाला लागू झाला नाही. जुलै २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने संपूर्ण प्राणिसृष्टीला कायदेशीर अस्तित्व असल्याचं जाहीर केलं आणि नागरिकांना त्यांचे पालक ठरवलं. मूळ प्रकरण भारत-नेपाळ सीमेवरच्या टांग्याच्या घोड्यांचं होतं. २०१९मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने असंच म्हटलं. त्याआधी २०१४च्या जल्लीकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या जगण्याला प्रतिष्ठा असल्याचं सांगितलं होतं. पण मे २०२३मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क देणारा पूर्वीचा निकाल नाही हे नमूद केलं, आणि महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यतीचा कायदाही कायम ठेवला.

मुंबई उच्च न्यायालयाने दुचाकीखाली कुत्रा सापडल्याच्या प्रकरणात दुचाकीस्वारावरचा गुन्हा रद्द केला. कुत्र्या-मांजरांना माणसं पोटच्या पोरासारखं वागवत असतील, पण बेदरकार गाडी चालवण्याचं ते कलम माणसांच्या जिवासाठी आहे, असं कोर्ट म्हणालं.

तेव्हा आजची स्थिती अशी : प्राणी मालमत्ता आहे, पण खुर्चीसारखी मालमत्ता नाही. १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मालकावर कर्तव्यं घातली आहेत. उपाशी ठेवणं, आखूड साखळीला तासन् तास बांधणं, कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि दोषी मालकाची मालकी काढून घेण्याचा अधिकार कोर्टाला आहे. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वीचा हा आकडा बदलण्याचा मसुदा २०२२मध्ये आला आणि तिथेच राहिला. म्हणून विषप्रयोग किंवा जीव घेण्याचा प्रकार असेल तर तक्रारीत न्याय संहितेचं कलम ३२५ आवर्जून घाला. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जुन्या दंडविधानातली दहा व पन्नास रुपये किमतीची अट आता नाही.

प्रश्न : सोसायटीने बहुमताने ठराव केलाय : कुत्र्यांना लिफ्ट बंद आणि दरमहा पाचशे रुपये जादा. – एक वाचक, ठाणे

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानेही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. दुसरी चालू लिफ्ट असेल तर ती वापरा असं सांगता येतं. बाहेर पट्टा लावा, घाण उचला, अशी विनंती सोसायटी करू शकते, आणि ती तुम्ही पाळलीच पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१मध्ये अशा बंदीची कलमं बेकायदा ठरवली. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण वजन आहे.

चूक इथे होते : रागाच्या भरात लोक मेंटेनन्सच भरायचं थांबवतात आणि थकबाकीदार ठरतात. मूळ मेंटेनन्स वेळेवर भरा, पाचशे रुपये अमान्य असल्याचं पत्र देऊन पोच घ्या, मग सहकार खात्याचे उपनिबंधक किंवा महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१खाली सहकार न्यायालय. रेबीजच्या लसीचं कार्ड आणि पालिकेचा परवाना आधी अद्ययावत करा. तोच नसेल तर पहिल्याच सुनावणीत तुमची बाजू लंगडी पडते.

प्रश्न : नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये आमची मांजर गेली. डॉक्टर संमतिपत्र दाखवतात. – एक वाचक, कोल्हापूर

संमतिपत्र म्हणजे भुलीचा धोका तुम्हाला सांगितला होता याचा पुरावा. त्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. पण भूल दिल्यावर, सगळी काळजी घेऊनही, काही प्राणी जातात. यातलं काय झालं हे शवविच्छेदनच सांगू शकतं, आणि इथेच बहुतेक तक्रारी मरतात : दुःखात त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार होतो.

असं घडलं तर मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत किंवा साध्या फ्रिजच्या तापमानाला, साधारण चार अंशांवर ठेवा. डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका. पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होऊन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बिघडते. शक्यतो २४ तासांच्या आत सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. दवाखान्याकडे लेखी मागा : केसपेपर, मांजरीचं वजन, भुलीच्या औषधांची नावं आणि मात्रा, दिल्याच्या वेळा, ऑपरेशनआधीचे रक्ताचे अहवाल. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे वजनच नोंदवलेलं नसेल तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

यानंतर दोन स्वतंत्र वाटा. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग : दोन वर्षांची मुदत, आणि दिलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तिथे मांजरीच्या किमतीपलीकडे मानसिक त्रासाचीही भरपाई मागता येते. डॉक्टरांच्या वर्तनासाठी राज्य पशुवैद्यक परिषद. ती पैसे मिळवून देत नाही. दोन्हीकडे दुसऱ्या नोंदणीकृत पशुवैद्यकाचं लेखी मत लागतं, आणि खरं सांगायचं तर ते मिळवणं सगळ्यात जड जातं. गावातलं कोणी देत नसेल तर महाविद्यालयातल्या शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात असतो. इथेही कुत्रा मालमत्ताच का? – एक वाचक, सॅन होजे

हो, पण तिथे घटस्फोटाच्या कोर्टाला डोळे उघडे ठेवायची मुभा आहे. फॅमिली कोडचं कलम २६०५, १ जानेवारी २०१९पासून : प्राण्याची काळजी कोण घेतं हे पाहून कोर्ट एकाकडे किंवा दोघांकडे मालकी देऊ शकतं, आणि निकाल लागेपर्यंत कोणी सांभाळायचं हेही सांगू शकतं. काळजी म्हणजे अन्न, पाणी, औषधोपचार, सुरक्षित निवारा. तेव्हा रोज फिरवणारा कोण आणि दवाखान्यात नेणारा कोण, याच्या नोंदी ठेवा. स्पेनने २०२२पासून याहून पुढे जाऊन कुटुंबाचं आणि प्राण्याचं हित पाहून निर्णय घ्यायचा नियमच केलाय.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे, एकटी राहते. माझ्यामागे माझ्या चार वर्षांच्या मांजरीसाठी पैसे ठेवायचे आहेत. मृत्युपत्रात तिचं नाव घालू का? – एक वाचक, डोंबिवली

तिच्या नावाने पैसे ठेवता येणार नाहीत, कारण मालमत्ता धारण करू शकणाराच लाभार्थी होऊ शकतो. पैसे माणसाच्या नावे, जबाबदारीसकट ठेवायचे. मृत्युपत्रात सांभाळणाऱ्याचं नाव घाला, तो नाही म्हणाला तर दुसरं नाव, आणि दोघांची लेखी तयारी आधीच घेऊन ठेवा. न विचारता नाव घातलेली माणसं ऐन वेळी मांजरीची ॲलर्जी असल्याचं सांगतात.

रकमेचा हिशेब सोपा. घरातली मांजर पंधरा वर्षं जगते असं धरा, म्हणजे अजून अकरा. महिन्याला तीन हजार लागत असतील तर ३,००० गुणिले १२ गुणिले ११, म्हणजे ३,९६,०००. वर आजारपणासाठी वेगळी रक्कम. सगळी एकदम देऊ नका. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या व्यवस्थापकाने दर सहा महिन्यांनी, लसीचं कार्ड पाहून हप्ता द्यावा असं लिहा. मांजर गेल्यावर उरलेले पैसे कोणाला, हेही लिहा. ते सांभाळणाऱ्यालाच मिळणार असतील तर मांजर लवकर जाण्यात त्याचा फायदा होतो, म्हणून ते तिसऱ्या कोणाला द्या. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या.

मृत्युपत्र उघडायला कधी आठवडे लागतात, बँकेतलं खातं गोठतं, आणि मांजर बंद घरात असते. त्यासाठी शेजारी एक किल्ली ठेवा, पाकिटात ‘घरात मांजर आहे, अमक्याला फोन करा’ असं कार्ड ठेवा, आणि पहिल्या दोन महिन्यांचे पैसे सांभाळणाऱ्याकडे आजच देऊन टाका.