एअर पिस्तूलचा ट्रिगर जड लागतो. गनस्मिथकडून हलका करून घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड घेतलेल्या मॅच एअर पिस्तूलचा ट्रिगर जड लागतो, बीडमध्ये त्यातला जाणकार कोणी नाही, तर बाहेरगावच्या गनस्मिथकडे पाठवून तो हलका करून घ्यावा का. स्पर्धाही दोन महिन्यांवर आली आहे म्हणता.

माझं सांगणं, आत्ता पाठवू नका. आधी ट्रिगर किती ग्रॅमला सुटतो ते मोजा. मी परभणीचा, बरीच वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल मारतो आणि हीच चूक करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

नियम असा आहे की दहा मीटर एअर पिस्तूलचा ट्रिगर 500 ग्रॅमच्या खाली चालत नाही. पंचवीस मीटरच्या .22 स्पोर्ट पिस्तूलला हीच मर्यादा 1000 ग्रॅम आहे. म्हणजे तुमचा ट्रिगर आज 520 ला सुटत असेल तर हलका करायला उरतात फक्त वीस ग्रॅम, आणि तेवढ्यासाठी कुणाला पिस्तूल उघडू द्यायचं कारण नाही.

मोजायला महागडं काही लागत नाही. मी पत्र्याच्या डबीत छर्रे भरले, झाकणाला जाड तारेचा हूक केला आणि आमच्या गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर हुकासकट बरोबर 500 ग्रॅम करून घेतलं. एक छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, त्यामुळे शेवटची जुळवणी सोपी जाते. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री करा, मग कॉक करा, म्हणजे झाडायला सज्ज करा. नळी सरळ वर, छताकडे. हूक ट्रिगरच्या पातीच्या मधोमध अडकवा आणि टेबलावर ठेवलेली डबी हळूहळू उचला. डबी टेबल सोडून अधांतरी झाली आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. नेमका आकडा हवा असेल तर डबीत छर्रे वाढवत जा; ट्रिगर सुटेल तेव्हाचं डबीचं वजन हाच तुमचा आकडा. स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीत, असंच बघतात, जास्तीत जास्त तीन वेळा. स्पर्धा संपल्यावरही चिठ्ठी काढून काहींचे ट्रिगर पुन्हा तपासतात आणि तिथे वजन उचललं गेलं नाही तर थेट बाद. म्हणून मी माझा ट्रिगर 510–515 वर ठेवतो.

आता माझी गोष्ट. माझा ट्रिगर 560 ला सुटायचा. स्क्रू फिरवून तो खाली आणता आला असता, पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. एका कारागिराचं नाव कळलं, त्याच्याकडे पिस्तूल दिलं. आठ दिवसांनी परत आलं तेव्हा ट्रिगर लोण्यासारखा झाला होता. मी खूश. त्याने केलं काय होतं, तर सिअरचं तोंड तेलाच्या दगडावर घासलं होतं. सिअर म्हणजे ट्रिगर आणि हॅमर यांना अडकवून धरणारा छोटा पोलादी तुकडा. त्याला वरून कडकपणा दिलेला असतो आणि तो थर अगदी पातळ असतो. तो घासून गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. सुरुवातीला छान वाटतं, मग दर सरावाला धार झिजत जाते. काही आठवड्यांनी एका संध्याकाळी मी छर्रा घातला, लीव्हर बंद केली आणि माझं बोट ट्रिगरला लागायच्या आधीच गोळी सुटली. नळी टार्गेटकडे होती म्हणून निभावलं. शेजारच्या लेनवर नववीतली एक मुलगी उभी होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. त्या स्पर्धेला मी गेलोच नाही. नवीन सिअर मागवून बसवण्यात चार महिने गेले.

मॅच पिस्तूलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडं मागे येतं, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर जरासा दाब वाढला की शॉट जातो. बहुतेक पिस्तुलांत दोन्ही टप्प्यांच्या वजनाला वेगवेगळे स्क्रू असतात. एकूण 500 तेच ठेवून पहिला टप्पा 400 आणि दुसरा 100 केला, तर तोच ट्रिगर एकदम हलका वाटतो, कारण भिंतीपर्यंतचं ओझं बोटाने आधीच उचललेलं असतं. कंपनीचं माहितीपुस्तक नेटवर मिळतं, त्यात कोणता स्क्रू कशाचा ते बघा. फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूला नेलपॉलिशची एक रेघ ओढा, म्हणजे परत जागेवर येता येतं. एका वेळी पाव फेराच फिरवा आणि लगेच डबी लावून बघा.

बोट कुठे टेकतं तेही बघा. पाती वरच्या बाजूला खिळलेली असते, त्यामुळे बोट वर टेकलं की जोर जास्त लागतो. ग्रिप हाताला मोठी असेल तर बोट पातीपर्यंत नीट पोचत नाही आणि ट्रिगर ओढण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. आमच्याकडच्या मुलांपैकी निम्म्यांचा ‘जड ट्रिगर’ ग्रिपला कानस मारून आणि लाकडाची पुट्टी लावूनच बरा झाला. उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ बारीक पिठासारखी आत जाते. कुणी ट्रिगरच्या भागात शिलाई मशीनचं तेल ओतलेलं असेल तर दोन्ही मिळून चिकट लगदा होतो. सेकंडहँड पिस्तुलात हे हमखास सापडतं.

हे सगळं करूनही पाच वेळा मोजल्यावर पाच वेगळे आकडे आले, तीस-चाळीस ग्रॅमचा फरक दिसला, तर सिअर झिजलाय समजा. तेव्हा जरूर कारागीर गाठा, पण ‘हलका करा’ म्हणू नका. ‘सिअर बदला आणि 510 वर बसवा’ असं कागदावर लिहून द्या. त्याच्याकडे ट्रिगर मोजायची वजनं आहेत का, हे पहिल्यांदा विचारा. नसतील तर तिथूनच परत फिरा. जुना भाग परत मागून घ्या. पिस्तूल इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं असेल तर कंपनीच्या माणसाशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. पुढे कधी .22 घेतलंत, तर त्याची दुरुस्ती शस्त्र कायद्याखाली परवाना असलेल्याकडेच करता येते, हेही लक्षात असू द्या.

डबी करून मोजा आणि पाचही आकडे इथे खाली लिहा, सोबत पिस्तूलचं मॉडेल. कोणता स्क्रू किती फिरवायचा ते मी सांगतो. दोन महिने त्याला पुरेसे आहेत.