बोन्सायची पानं का गळतात, कीड कशी घालवायची? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सगळ्यात जास्त प्रश्न आले ते घरातल्या बोन्सायचे, आणि जवळपास प्रत्येकाने शेवटी एकच विचारलंय की औषध कुठलं मारू. औषध सांगतेच, पण त्याआधी झाड घरात नेमकं कुठे ठेवलंय ते बघा. कमी उजेडात झाड हळूहळू अशक्त होतं आणि कीड बहुतेक वेळा अशाच झाडावर ठाण मांडते, मग तुम्ही कितीही फवारा.

ताई, वास्तुशांतीला जाड मुळांचा फायकस बोन्साय भेट मिळाला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलाय, रोज सकाळी न चुकता पाणी घालते. तीन आठवड्यांत निम्मी पानं गळली. कीड दिसत नाही. झाड मेलं का? (कांदिवली)

नाही हो, बहुतेक जिवंत असणार. एका फांदीवर नखाने अगदी हलकं खरवडून बघा, सालीखाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे, तपकिरी कोरडं लागलं तर थोडं खाली, खोडाकडे येऊन परत बघा. फायकसला, म्हणजे या वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाला, जागा बदललेली अजिबात आवडत नाही, नर्सरीतल्या उजेडातून एकदम हॉलच्या कोपऱ्यात आला की तो पानं टाकतोच, त्यात तुम्ही रोज पाणी घालताय म्हणजे मुळं सतत ओलीच. गळणारी पानं पिवळी आणि मऊ असतील तर पाणी जास्त होतंय, हिरवी असतानाच टपाटप पडत असतील तर उजेड कमी पडतोय किंवा जागा बदलल्याचा धक्का आहे.

आता करायचं काय, तर झाड खिडकीच्या अगदी जवळ न्या, पूर्वेची खिडकी असेल तर उत्तमच, आणि मग तिथून हलवू नका. टीव्हीशेजारी आपल्याला छान उजेड आहे असं वाटतं पण झाडाच्या हिशोबाने ती अंधारी जागा आहे. पाण्याचं टाइमटेबल बंद करा. एक लाकडी काडी मातीत खालपर्यंत खुपसून पाच-दहा मिनिटं ठेवायची, काढल्यावर ओली गार लागली तर पाणी नाही, जेमतेम दमट असेल तर द्यायचं आणि द्यायचं ते कुंडीच्या खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, दोन चमचे शिंपडून काही होत नाही. खाली ट्रे असेल तर त्यातलं पाणी लगेच ओतून टाका. नवीन पालवी येईपर्यंत खत अजिबात नको, सगळ्यांना वाटतं झाड आजारी आहे तर त्याला टॉनिक द्यावं, पण काम न करणाऱ्या मुळांना खताचा त्रासच होतो.

आणि एक, तुमचा हा जो प्रकार आहे तो बाजारात जिनसेंग फायकस म्हणून मिळतो, त्यात जाड मुळांच्या झाडावर वरती बारीक पानांच्या जातीचं कलम केलेलं असतं. कलमाच्या खालून मोठ्या पानांचे कोंब आले तर ते काढत जा, नाहीतर सगळी ताकद तेच खेचतात. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने पुसा आणि हाताला लागला तर धुवून टाका, काहींना त्याने खाज येते.

जेडच्या बोन्सायवर फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागलीये. मुंग्यांसाठी खडू ओढला, त्या गेल्या आणि परत आल्या. (कोथरूड, पुणे)

दादा, मुंग्या इथे मूळ त्रास नाहीत, त्या खबर देतायत. ते कापसासारखं आहे ना, तो मिलीबग, आपल्याकडे शेतकरी पिठ्या ढेकूण म्हणतात तो. तो झाडाचा रस शोषतो आणि मागून गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि त्या बदल्यात मिलीबगला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते.

भिंग असेल तर तो कापूस काडीने बाजूला करून बघाच, खाली गुलाबीसर चपटा किडा दिसेल आणि कापसात बारीक पिवळट अंडी. ही अंडीच खरी गोची आहे, कारण वरचे किडे मेले तरी आठवडाभरात पुढची पिल्लं बाहेर येतात आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं नाही. मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं, त्यात इअरबड बुडवून प्रत्येक पुंजका टिपून काढा, बेचके, पानांची खालची बाजू, फांद्यांना आकार द्यायला तार बांधली असेल तर तारेच्या खालीसुद्धा, तिथे हमखास लपलेले असतात. जेडवर स्पिरिट फवारू नका, टिपायचंच, नाहीतर पानांवर डाग पडतात. मग संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी: एक लिटर कोमट पाणी, 5 मिली तेल, आणि भांडी घासायच्या लिक्विड सोपचे काही थेंब. आधी तेल आणि सोप एकत्र फेटायचं, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं. पहिल्यांदा दोन-चार पानांवरच मारून दोन दिवस थांबा. उन्हात नको, पानं भाजतात. दर सात दिवसांनी, किमान तीन-चार वेळा, मधे कीड दिसली नाही तरी. तोवर हे झाड बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. एवढं करून पुन्हा पुन्हा येत असेल तर झाड कुंडीतून उचलून मुळं बघा, कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड दिसली तर मुळांवरही आहे, मग जुनी माती धुवून काढून नवीन मातीत लावावं लागेल.

मातीतून बारीक काळी चिलटं उडतात, चहाच्या कपात पडतात! झाडाला धोका आहे का? (डोंबिवली)

मोठ्या झाडाला फारसा नाही, रोपांना असतो. त्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात राहतात, बुरशी आणि कुजका पाला खातात, म्हणजे तुमची माती वाळतच नाहीये. नर्सरीवाले बोन्साय कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, भरून देतात आणि पावसाळ्यात ते दिवसेंदिवस ओलंच राहतं. पिवळे चिकट कागद लावा, उडणारी कमी होतील, पण खरा उपाय माती बदलणं: विटांचे 3 ते 5 मिलीमीटरचे तुकडे, चाळून धूळ काढलेले, आणि त्यात साधारण चौथा हिस्सा गांडूळखत. फायकस असेल तर जुलैत बदलली तरी चालतं.

फायकसची कोवळी पानं मधल्या शिरेवर दुमडून मिटली आहेत, जांभळट ठिपके आहेत. फवारून फरक नाही. (कोल्हापूर)

एक पान उघडा, आत काळे लांबट बारीक किडे दिसतील, हे फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. पान मिटलेलं असल्याने औषध आत पोचतच नाही. अशी सगळी पानं खुडायची, पिशवीत घालून गाठ मारून कचऱ्यात, कुंडीत एकही टाकू नका. फांदी उघडी पडली तरी घाबरू नका, फायकस परत फुटतो. नवीन पालवी आली की मात्र तिच्यावर दर आठवड्याला कडुनिंब.

ज्युनिपर बोन्साय एसीच्या खोलीत ऑफिस टेबलवर ठेवलाय, सहा महिने हिरवा होता, आता एकदम तपकिरी. (बंगळुरू)

वाईट वाटतं सांगायला, पण तो आधीच गेला असणार, ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. हे झाड घरात ठेवायचं नाहीच, त्याला उघडं आकाश आणि ऊन लागतं. टेबलासाठी फायकस घ्या, तेही टेबल खिडकीला लागून असेल तरच.

इथे हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की फायकसच्या पानांवर पिवळे बारीक टिपके येतात आणि फांद्यांमध्ये जाळी धरते. रोज पाणी स्प्रे करते तरी. (टोरांटो)

हे लाल कोळी, पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, पडलेले कण चालायला लागले की खात्री पटेल. गरम कोरड्या हवेत हे भराभर वाढतात आणि नुसत्या स्प्रेने जात नाहीत. कुंडीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून झाड सिंकमध्ये आडवं धरा आणि पानांची खालची बाजू नळाखाली चांगली धुवा, दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे, मधूनमधून वर सांगितलेलं कडुनिंब-सोपचं मिश्रण. हीटिंगच्या झडपेपासून झाड लांब ठेवा आणि थंड काचेला पानं टेकू देऊ नका. तिकडे हिवाळ्यात दिवस फारच लहान, म्हणून झाडांसाठी मिळणारा दिवा, एलईडी ग्रो लाइट, बारा तास लावाच. उन्हाळ्यात रात्रीचं तापमान 15 अंशांच्या वर राहायला लागलं की बाल्कनीत काढा, पहिले आठ-दहा दिवस सावलीत आणि मग थोडं थोडं ऊन वाढवत.