वाचकांचे प्रश्न : फ्रेडरिक फोर्सिथ आणि पस्तीस दिवसांची कादंबरी

प्रश्न : फ्रेडरिक फोर्सिथ यांनी ‘द डे ऑफ द जॅकल’ अवघ्या 35 दिवसांत लिहिली, असे वाचले. तोवर एकही कादंबरी न लिहिलेल्या माणसाला हे कसे साधले? आणि कादंबरी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हत्येच्या कटावर असली, तरी ती हत्या झालीच नाही हे आधीपासून ठाऊक असूनही वाचक खिळून का राहतो? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : 35 दिवसांचा हिशेब स्वतः फोर्सिथ यांनीच वेळोवेळी सांगितलेला आहे, मात्र ते दिवस केवळ टंकलेखन यंत्रापुढे बसण्याचे होते आणि त्यामागची शिदोरी कित्येक वर्षांची होती. 1938 साली इंग्लंडमधील केंट परगण्यात ॲशफर्ड येथे जन्मलेले फोर्सिथ हवाई दलात वैमानिक म्हणून सेवा बजावून पत्रकारितेत आले आणि 1962 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे वार्ताहर म्हणून पॅरिसला पोहोचले. फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियाला स्वातंत्र्य देण्याचा राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांचा निर्णय सहन न झालेली ओएएस ही गुप्त संघटना त्या वेळी त्यांच्या जिवावर उठली होती, आणि त्यांच्यावर हल्ला झालाच तर बातमी हुकू नये म्हणून वार्ताहर त्यांच्या मागावर असत. 22 ऑगस्ट 1962 रोजी पॅरिसच्या पती-क्लामार या उपनगरात द गॉल यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला व ते थोडक्यात बचावले. हे सारे जवळून पाहणाऱ्या या तरुण वार्ताहराच्या मनात एक विचार रुजला : ओएएसची माणसे पोलिसांना माहीत आहेत, म्हणून ती अपयशी ठरतात, पण ज्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही, असा परका मारेकरी त्यांनी पैसे देऊन आणला तर काय होईल?

ही कल्पना पुढे काही वर्षे तशीच पडून राहिली. मधल्या काळात फोर्सिथ बीबीसीत गेले, 1967 मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचे युद्ध टिपण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले आणि त्या युद्धाच्या वृत्तांकनावरून मतभेद झाल्याने त्यांनी बीबीसी सोडली. मग ते स्वतंत्र पत्रकार म्हणून बियाफ्रात परतले, तिथली उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि 1969 मध्ये त्या युद्धावर पुस्तकही लिहिले. लंडनला परतले तेव्हा हाती नोकरी नव्हती, पैसा नव्हता, राहायला स्वतःचे घरही नव्हते. मित्राच्या घरी राहून, जानेवारी 1970 च्या आरंभी, कर्ज फेडण्याच्या निकडीने त्यांनी ती जुनी कल्पना कागदावर उतरवायला घेतली. ज्याने पॅरिसचे रस्ते, पोलिसांची कार्यपद्धती आणि राष्ट्राध्यक्षांभोवतीचा बंदोबस्त बातमीदाराच्या नजरेने पाहून ठेवला होता, त्याला पात्रांच्या हालचाली नव्याने कल्पाव्या लागल्या नाहीत.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग प्रकाशकांनीही विचारला होता. हस्तलिखित पुढे आले तेव्हा द गॉल हयात होते, आणि शेवट सर्वांना ठाऊक असलेली कथा कोण वाचणार, या शंकेने ते अनेक ठिकाणांहून परत आले. अखेर हचिन्सन या प्रकाशनसंस्थेने ते 1971 मध्ये छापले. फोर्सिथ यांना एक गोष्ट पक्की उमगली होती : काय घडणार हे वाचकाला माहीत असले, तरी ते कसे घडवले जाईल आणि कसे रोखले जाईल, हे त्याला माहीत नसते. त्यामुळे खोटी कागदपत्रे कशी मिळवायची, बंदूक कशी बनवून घ्यायची, सीमा कशी ओलांडायची, ही प्रत्येक पायरी त्यांनी अहवालाच्या थंड भाषेत मांडली, आणि तिकडे पोलीस अधिकारी क्लोद लबेल ‘जॅकल’ हे टोपणनाव घेतलेल्या त्या मारेकऱ्याच्या मागावर एकेक पाऊल पुढे सरकत राहिला. माझ्या मते या कादंबरीचे खरे बळ तिच्या संयमात आहे. लेखक कुठेही आवाज चढवत नाही. मृत बालकाच्या जन्मदाखल्यावर पारपत्र मिळवण्याची तीत वर्णिलेली युक्ती इतकी खरी होती, की लंडन पोलिसांच्या गुप्त पथकातील माणसेही पुढे मृत मुलांची ओळख घेऊन वावरू लागली आणि अशा मुलांच्या नोंदी शोधण्याला त्यांच्यात ‘जॅकल रन’ म्हटले जाऊ लागले. ही गोष्ट उघड झाली तेव्हा त्या मुलांच्या कुटुंबांना झालेले दुःख विसरता येणार नाही.

प्रश्न : त्यांच्या कादंबऱ्यांचा वास्तवावर आणखी कधी परिणाम झाला का? ते स्वतः हेर होते, हे खरे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : सर्वांत ठळक उदाहरण 1972 च्या ‘द ओडेसा फाइल’चे आहे. लॅटव्हियातील रीगा येथील यहुदी वस्तीचा क्रूर नाझी प्रमुख एदुआर्ड रोशमान हा तीत खऱ्या नावानेच येतो, आणि हे काम करताना फोर्सिथ यांना नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या सिमोन विझेनथाल यांचे साह्य मिळाले होते. कादंबरी व 1974 चा चित्रपट यांनी हे नाव जगभर पोहोचले. अर्जेंटिनात दडलेल्या रोशमानला 1977 मध्ये तिथून पळावे लागले आणि त्याच वर्षी तो पॅराग्वेत मरण पावला. एका लोकप्रिय कादंबरीने विस्मृतीत चाललेला गुन्हा पुन्हा चव्हाट्यावर आणावा, हे मला तिच्या विक्रीपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

हेरगिरीविषयी सांगायचे, तर ब्रिटिश गुप्तचर संस्थेला आपण माहिती पुरवत होतो आणि त्याची सुरुवात बियाफ्रात झाली, हे फोर्सिथ यांनी 2015 मध्ये, ‘द आउटसायडर’ हे आत्मचरित्र आले तेव्हा, उघडपणे मान्य केले. त्यांना पगारी हेर म्हणणे मात्र बरोबर होणार नाही.

प्रश्न : त्यांचे वाचन कोठून सुरू करावे? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : पहिल्या तीन कादंबऱ्या, म्हणजे वरील दोन आणि भाडोत्री सैनिकांवरील 1974 ची ‘द डॉग्ज ऑफ वॉर’, याच क्रमाने वाचाव्यात. नंतरच्या पुस्तकांत माहितीचा भार वाढत जातो, आणि स्त्री-पात्रे त्यांना कधीच फारशी साधली नाहीत. त्यांची पुस्तके मराठी अनुवादातही मिळतात. जून 2025 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी फोर्सिथ यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र या तीन कादंबऱ्यांनंतर हाती घेतले, तर कोणता प्रसंग कोठून आला हे पानोपानी ओळखता येईल.