मँडरीन चिनी? छे, आपलाच मंत्री!

प्रश्न असा : चीनच्या मिंग घराण्याच्या काळातला बडा अधिकारी झांग जूझेंग, त्याला मराठीत 'चीनचा पंतप्रधान' म्हणावं, की 'मँडरीन' (म्हणजे चिनी दरबारी अधिकारी) हा मूळ चिनी शब्दच ठेवावा?

मूळ चिनी! हे ऐकून ऐकून कान किटले. चिनी माणूस अधिकाऱ्याला 'ग्वान' म्हणतो. मँडरीन हा संस्कृतातला 'मन्त्रिन्'. तो समुद्रापार मलायात 'मंतरी' झाला. १५११ साली मलायातलं मलाक्का बंदर घेणाऱ्या पोर्तुगीजांनी तो तिथून उचलला आणि चीनच्या किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या अधिकाऱ्यांना चिकटवला. माझा तर्क असा की, मलाक्कातल्या चिनी व्यापाऱ्यांशी बोलणंच मलायमधून होत असणार, म्हणून चिनी साहेबाचं नावही मलाय तोंडूनच कळलं.

मग 'त'चा 'द' कसा झाला? पोर्तुगीजमध्ये 'मांदार' म्हणजे हुकूम करणे, त्याची सावली पडली. काही विद्वान मात्र अख्खा शब्दच 'मांदार'मधून काढतात. एका अक्षरावर वाडा बांधायचा म्हणजे कमाल आहे! त्याहून थोर ते 'मान दारेन', म्हणजे 'मांचू साहेब', सांगणारे. अहो, मिंगनंतर चीनवर राज्य करणारे हे मांचू बीजिंगमध्ये शिरले १६४४ साली. शब्द त्याआधीच्या शतकातला. झांग तर १५८२ सालीच वारला होता!

हां, झांग. पंतप्रधान मुळीच म्हणू नका. मिंग घराण्याच्या पहिल्याच सम्राटानं १३८० साली ते पद मोडीत काढलं होतं. झांग १५४७ साली सर्वोच्च राजपरीक्षा उतरला आणि १५७२ पासून दहा वर्षं बालसम्राट वानलीच्या नावानं राज्य हाकलं, तेही सचिवमंडळाचा ज्येष्ठ सचिव म्हणून. कागदोपत्री त्या सचिवपदाचा दर्जा नऊपैकी पाचवा! १५७७ साली वडील वारले, तरी सत्तावीस महिन्यांचं सुतक पाळायला तो पद सोडून गेला नाही. बोट दाखवणाऱ्या अधिकाऱ्यांना दरबारात फटके बसले. तो मेल्यावर दोन वर्षांत घरादाराची जप्ती झाली.

तेव्हा 'ज्येष्ठ सचिव' लिहा. 'मंत्री' लिहिलंत तरी माझी हरकत नाही, फक्त प्रत्येक गावी त्याचं काम निराळं हे ध्यानात असू द्या. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला मंत्री म्हणजे वाकनीस, राजाच्या रोजच्या नोंदी ठेवणारा. आणि जावातल्या खेड्यात कोणी 'मंत्री' म्हणून हाक मारली, तर इंजेक्शन घेऊन कंपाउंडर बाहेर यायचा.